वन्संच्या उन्हाळी चपला

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत चपलांचं असं एकही दुकान नाही, की ज्याच्या मालकाला माझ्या थोरल्या वन्संमुळे निदान एकदा तरी धंदा बदलावासा वाटला नाही. यात मी पदरचं काही घालत नाही. एसटी स्टँडासमोरचे चाचा त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं की आधी पिण्याच्या पाण्याचा तांब्या आत ठेवतात आणि मगच ‘या आक्का’ म्हणतात. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत त्यांचं सासर. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलायला फटकळ. नवरा लवकर गेला, मुलगा-सून पुण्यात, आणि वाडीतली निम्मी घरं जत्रेपुरती उघडणारी. ‘आमच्या आळीत आता कुलपंच नांदत्यात,’ असं त्या सांगतात, ते तक्रार म्हणून नाही, भाताचं पीक कसं आहे ते सांगावं तसं. साऱ्या जन्मात या बाईनं एकच चैन केली, ती म्हणजे उन्हाळ्यासाठी चांगली चप्पल. लुगडं कसलंही चालतं, जेवायला कालचं चालतं, पण उन्हाळी चपलेसाठी त्या जेवढी चौकशी करतात तेवढी लोक मुलीचं स्थळ बघतानाही करत नाहीत.

स्थळाचं मी उगाच म्हणत नाही. मला बघायला मंडळी आली तेव्हा बाकीचे ओटीवर पोहे खात होते आणि वन्सं हात धुवायचं निमित्त काढून दाराशी गेल्या, त्या तिथल्या चपला उलट्या करून बघत बसल्या. परत जाताना वाटेत त्यांनी भावाला निकाल सांगितला, ‘पोरगी चालंल. टाच दोनी अंगानं सारकी झिजलीया. आसली बाई एका अंगाला कलत न्हाई.’ झालं, लग्न ठरलं. त्या चपला माझ्या थोरल्या बहिणीच्या होत्या. माझी टाच बाहेरच्या अंगानं झिजते, तेव्हाही झिजायची आणि आजही झिजते. वन्संना हे कळलं तेव्हा माझ्या पदरात मुलगी होती. त्यांनी माझी चप्पल हातात घेऊन नीट पाहिली, एक उसासा टाकला आणि म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे. एकदा घेतलेली जोडी मी माघारी देत न्हाई.’

चप्पल पारखायची त्यांची रीत ठरलेली. आधी वास घ्यायचा. ‘चामड्याला जनावराचा वास यावा, दवाखान्याचा न्हाई.’ मग तिचं नाक टाचेला टेकेपर्यंत वाकवायची. मग तळावर टिचक्या मारून मडकं वाजवतात तशी कानाशी धरून वाजवायची. मग दुकानदाराच्या तांब्यातलं पाणी चपलेत ओतायचं आणि आत पाय घालून बघायचा, कारण उन्हाळ्याची चप्पल ही घामाची चप्पल. ओल्या पायाला जी धरत नाही ती उतारावर माणसाला सोडून देते. चाचांचा तांब्या आत जातो तो यामुळे. हे सगळं दुपारी. सकाळचा पाय खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. दुपारपर्यंत चालून तापून तो जरा सुजला, की खरं माप सांगतो. आणि एवढ्यातून जी जोडी तरेल, ती घालून त्या भर उन्हात डांबरी रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहतात आणि एक आरती सगळी कडवी धरून म्हणतात. आरती पुरी व्हायच्या आत तळव्याला चटका बसला तर जोडी बाद. एकदा सारोळ्याच्या पुलाजवळ त्या अशा उभ्या असताना एका ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं एसटी थांबवली. वन्संनी आरती न तोडता त्याला हातानं पुढे जायला सांगितलं. मी दुकानाच्या सावलीत उभी राहून, ही बाई माझी कुणी नव्हे, असा चेहरा करत होते.

चांगली वस्तू आणि स्वस्त वस्तू एका जागी सापडत नाही, असं जग म्हणतं. वन्सं म्हणतात, सापडते, पण वेळ साधावी लागते. ती वेळ रोहिणी नक्षत्रातली. तेव्हा दुकानदार उन्हाळी माल खाली उतरवून पावसाळी प्लास्टिक टांगायच्या घाईत असतो, त्याला जागा हवी असते, आणि जागा हवी असलेला माणूस मऊ होतो. त्यातही वन्संचा डोळा बाहेर टांगलेल्या जोडीवर. तिचा एक पाय सगळा उन्हाळाभर दोरीला लटकून रंगानं उडालेला असतो आणि दुसरा आत खोक्यात जसाच्या तसा. माप तेच, चामडं तेच, फक्त रंगाला दोघी सवती. असली जोडी दुकानदार पडत्या भावात देऊन मोकळा होतो. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी वन्संचा एक पाय दुसऱ्यापेक्षा फिकटच पाहत आले आहे. कुणी विचारलंच तर त्या सांगतात, ‘ह्यो पाय उन्हाच्या बाजूनं चालतुया.’ आणि या हिशेबात उन्हाळ्याची चप्पल हातात येते ती उन्हाळा सरता सरता, हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं तर त्या त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. नवी जोडी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून शिमग्यापर्यंत तांदळाच्या कणगीमागे ठेवायची, हे ज्याला समजत नाही त्याला काय सांगायचं.

या खरेदीला दोन माणसं लागतात. एक हवं म्हणणारं आणि एक नको म्हणणारं. नको म्हणायचं काम जन्मभर आमच्या ह्यांनी केलं, आणि काय झकास केलं! वन्सं चप्पल छातीशी धरून बसलेल्या, भाव अडलेला, आणि हे दुकानाच्या पायरीवरून घड्याळ बघत कडाडायचे, ‘आक्का, गाडी चालली. ठेव ती. घरात चपलांचं दुकान काढायचंय का?’ गाडी कुठलीच नसायची. वन्सं गरीब गाईसारख्या उठायच्या, पायरी उतरायच्या, आणि दुकानदाराच्या काळजाचं पाणी व्हायचं. ‘ओ दादा, या, आक्कांना किती ओरडताय,’ म्हणत तो भाव उतरवायचा. नसरापूरच्या बाजारात तर एका दुकानदारानं ह्यांना बाजूला घेऊन बहिणीशी कसं वागावं यावर चांगलं भाषण दिलं होतं. घरी आल्यावर दोघं भावंडं त्यावर हसत बसायची आणि माझा चहा उकळून जायचा.

ह्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. तेरावा झाला आणि वन्सं घरी जायला निघाल्या, तेव्हा दारात थांबून त्यांनी भोरातलं आमचं घर एकदा डोळ्यांखालून घातलं. भाऊ गेला की बाईचं माहेर गेलं, असं आमच्याकडे म्हणतात. मी शाळेत शिकवणारी बाई, असल्या म्हणी मुलांकडून फळ्यावर लिहून घेतलेल्या. मला म्हणायचं होतं, माहेर कुठं जातंय, मी आहे ना. पण मी नुसती त्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. खरं सांगायचं तर मला त्यांची नव्हे, माझीच काळजी होती. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. शाळाही निवृत्तीनं सुटलेली. वन्सं यायच्या थांबल्या असत्या, तर दूधवाला सोडून माझ्या दाराची कडी वाजवणारं कुणी उरलं नसतं. आणि वन्सं काही उगाच कुणाकडे जाणाऱ्यातल्या नव्हेत. काम असल्याबिगर कुणाची पायरी चढू नये आणि काम झालं की आपल्या उंबऱ्याला लागावं, हा त्यांचा नेम. ‘राहा की चार दिवस,’ असं मी कितीदा म्हटलं असेल. त्यावर त्यांचं उत्तर एकच, ‘कशापायी?’

पण त्या वर्षी रोहिणी लागल्या आणि एका दुपारी कडी वाजली. दारात वन्सं, एका पायात चप्पल, दुसरी हातात. ‘वादी तुटली बग,’ त्या म्हणाल्या, ‘म्हनलं, भोरातनं नवी जोडी घ्यावी.’ मी चप्पल हातात घेतली. वादी झिजून तुटते तेव्हा तिचे दोरे निघतात, कडा भुसभुशीत होतात. ही वादी विळीवर भेंडी चिरावी तशी सरळ चिरलेली होती. मी ती हातात घेऊनच चहा टाकला. वन्संनी चप्पल माझ्या हातातून काढून घेऊन उलटी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. नको म्हणायचं काम माझ्याकडे आलं होतं. चाचांच्या दुकानात वन्सं जोडी घेऊन बसल्या आणि मी पायरीवरून म्हटलं, ‘वन्सं, गाडी चालली.’ पण मला ते ह्यांचं वाक्य तोंडातून काढताच रडू यायला लागलं, म्हणून मी त्यांचा हात धरला आणि तरातरा चालत सुटले. पार भाजी मंडईच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. मागून हाक आलीच नसणार असं नाही, पण आम्ही तिच्या टापूतच राहिलो नव्हतो. वन्सं धापा टाकत म्हणाल्या, ‘अगं, रुसून निगायचं, पर ऐकाया यील एवढंच लांब!’ मग छत्री विसरली असं सांगायचं ठरवून आम्ही परत गेलो. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘आक्का, छत्री तुमच्या काखेतच आहे.’ मग त्यांनी जोडी कागदात बांधली, भाव वन्संच्या मनासारखा लावला आणि आमच्या ह्यांची आठवण काढून दोन शब्द बोलले. त्या दिवशी आम्ही कुणाकडेही न बघता घरी आलो.

त्यानंतर दरवर्षी हे चालू राहिलं. भोर, मग नसरापूर, मग सारोळे, असा चार दिवसांचा फेरा. संध्याकाळी वन्सं माझे तांदूळ निवडायच्या, निवडता निवडता भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगायच्या, आणि मी त्या पुन्हा पुन्हा ऐकायची. मध्ये माझ्या मुलीनं आत्याचे हाल नकोत म्हणून मोबाईलवरून एक जोडी घरपोच पाठवली, तीही निम्म्या किमतीत. वन्संनी ती वासावरच बाद केली आणि मला फोन करून म्हणाल्या, ‘ज्या दुकानात आपल्याला न्हाई म्हनाया समूर मानूस न्हाई, तितं हां तरी कुनाला म्हनायचं गं?’ मुलीला वाटलं रंग आवडला नसेल. मी तिला काही समजवायला गेले नाही.

औंदा वन्सं आल्या त्या थकून आल्या. नसरापूरला गाडी बदलताना उभं राहावं लागलं होतं. तरी भाकरी खाऊन झाल्या झाल्या त्यांनी पिशवी उचलली. पहिल्या दुकानात काही घ्यायचं नसतं, ते नुसतं हात साफ करायला, हा त्यांचा जुना रिवाज. म्हणून आम्ही बाजारात नव्यानं निघालेल्या एका दुकानात शिरलो. काचेचं दार, आत पंखे, ‘एकच भाव’ अशी पाटी आणि तिच्याखाली उन्हाळी मालावर अर्ध्या किमतीची दुसरी पाटी. मालकीण माझ्या मुलीच्या वयाची. वन्संनी जोडी नाकाशी नेली तर ती म्हणाली, ‘घ्या आजी, वास घेऊनच घ्यावी.’ वाकवली तर म्हणाली, ‘अजून वाकवा.’ पाण्याचं विचारलं तर तिनं स्वतः बाटली आणून दिली. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

वन्सं रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. आरती सुरू झाली, सगळी कडवी झाली, शेवटचं कडवं त्यांनी दोनदा म्हटलं. परत आल्या आणि स्टुलावर बसल्या. ‘चटका न्हाई,’ म्हणाल्या. वासाला जनावर होतं. माप नेमकं. दोन्ही पायांचा रंग एक. भाव पाटीप्रमाणे अर्धा, आणि वर ती मुलगी म्हणाली, ‘आजी, तुमच्यासाठी अजून थोडं कमी करते, एवढं मन लावून कुणी बघत नाही.’ वन्सं आपल्या पायांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘चांगल्यायत गं.’ कुणाचं बरंवाईट कळल्यावर जसं सांगतात तसा आवाज. जरा वेळानं त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. ‘तीनची गाडी गावंल मला.’

वर्षभर मी या चार दिवसांची वाट पाहिली होती आणि ते अर्ध्या तासात संपले होते, तेही सवलतीत. राहा म्हणून उपयोग नव्हता. त्या ‘कशापायी’ म्हणाल्या असत्या. आजवर मी जे जे नको म्हटलं ते नाटकातलं. त्या दुपारी मला त्या चपला खरोखरीच नको झाल्या.

‘टाच बाहेर येतेय, वन्सं,’ मी म्हटलं.

मालकिणीनं खाली बसून बघितलं. ‘नाही हो काकू, बरोब्बर बसलीय.’

‘येतेय. आणि अंगठ्यापाशी शिवण काचणार. आणि हा असला रंग वर्षाच्या आत उडतो.’

‘काकू, हा तर चामड्याचा मूळचाच—’

‘मी सांगते ना,’ मी म्हटलं. माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. शेजारी मुलाला बूट घेत असलेलं जोडपं बघायला लागलं. ‘टाच बाहेर येतेय. आम्हाला ही जोडी नको.’

वन्संनी आधी आपल्या टाचेकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, चांगलं रोखून, घरात आलेल्या नव्या माणसाला बघतात तसं. मग त्यांनी हळूच एकेक चप्पल काढली, दोन्ही जुळवून स्टुलाखाली ठेवल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, ‘व्हय बाळ. येतीया खरी भाईर.’ आम्ही दार ढकलून बाहेर पडलो. ती मुलगी दारापर्यंत आली. ‘आजी, या ना, अजून कमी करते,’ अशी तिनं मनापासून हाक मारली. ती दोघींनाही स्पष्ट ऐकू आली आणि दोघींपैकी कुणीही वळलं नाही.

त्यानंतर आम्ही चाचांकडे गेलो, नसरापूरला गेलो, सारोळ्याला जाऊन हायवेच्या कडेला कलिंगड खाल्लं. चपला वन्संनी हातात घेतल्या नि खाली ठेवल्या. आरती कुठंच झाली नाही. चार दिवसांचे आठ झाले तरी त्या तीनच्या गाडीचं नाव काढीनात. मृग तोंडाशी आला आणि भातरोपांचा तरवा टाकायला माणूस सांगायचाय म्हणून त्या निघाल्या, तेव्हा पायात जुनीच जोडी होती, चाचांनी ओळखीच्या माणसाकडून शिवून दिलेली.

स्टँडावर बाकावर बसलो होतो. गाडी लागायला वेळ होता. वन्सं म्हणाल्या, ‘टाच भाईर येत नव्हती.’

‘नव्हती,’ मी म्हटलं.

‘मंग?’

‘तुम्ही गेला असता.’

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, उलगडून परत गुंडाळत राहिल्या. गाडी लागली, माणसं धावली, आम्हीही उठलो. दाराचा दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवल्यावर त्या वळून म्हणाल्या, ‘काम नसताना आले तर चालंल का गं तुला?’ मला हसूही आलं आणि रडूही. ‘चालेल म्हणजे काय, वन्सं,’ एवढंच म्हणाले आणि मान हलवत उभी राहिले. मागच्या बायांनी त्यांना आत ढकललं. गाडी गेली.

पंचमी गेली. गौरी-गणपती गेले. प्रत्येक कडीला मी पदर सावरून उठत होते आणि प्रत्येक वेळी दूधवाला नाहीतर वीजबिलवाला निघत होता. भाऊबीजेला, वेडेपणा म्हणा, मी दोघींपुरतं रांधलं आणि दुसऱ्या दिवशी तेच खाल्लं. वन्संचा मला राग आला नाही. विचारणं त्यांना जमलं, ते सुद्धा एसटीच्या पायरीवर आणि सत्तरी उलटल्यावर. पण काम नसताना पाय उचलायची सवय जन्मात नाही, ती एका उन्हाळ्यात कुठून लागणार. तिकडे वेल्ह्यात त्या कुलपांच्या आळीत एकट्या, इकडे भोरात मी एकटी, मध्ये दीड-दोन तासांची एसटी, आणि ती गाठायला दोघींपैकी कुणालाच काही कारण सापडत नव्हतं.

काल संध्याकाळी मी फोन लावला. प्रकृतीची, भाताच्या झोडणीची विचारपूस झाली आणि बोलणं संपलं. मग मी म्हटलं, ‘वन्सं, मला चपला घ्यायच्यात. उन्हाळी. मला काही कळत नाही त्यातलं. तुम्ही याल का निवडायला?’

‘आत्ता?’ त्या म्हणाल्या. ‘अगं, हितं शेकोट्या पेटल्यात. थंडीत उन्हाळी चपला कोन घेतं गं?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मला वाटलं, आता त्या फोन ठेवणार.

‘पर स्वस्त मिळत्याल,’ वन्सं म्हणाल्या.